मदत हवी आहे : खडकवासल्याचे क्युसेक म्हणजे आमच्या भिंतीवर किती फूट?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याला, विठ्ठलवाडीच्या बाजूला मुठा नदीकाठच्या सोसायटीत राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमचंही पार्किंग बुडालं. तळमजल्यावर दोन घरांत आजी-आजोबाच असतात. वीज गेलेली, कमरेएवढं पाणी, त्यातून त्यांना वर आणलं. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून यंदा पावसाळ्याआधी सोसायटीची स्वतःची पाणी मोजायची सोय करायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

अडचण अशी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. आकडा ऐकला की आता कुठल्या गल्लीत पाणी येणार, हे तिथला माणूस सांगतो. आपल्याकडे मात्र मेसेज येतो तो वरच्या खडकवासला धरणातल्या विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, एवढं मला कळतं. पण ३५ हजार क्युसेक सुटले तर पाणी आमच्या गेटाशी थांबेल की मीटर रूममध्ये जाईल, हे त्यावरून कसं काढायचं? भिडे पुलाची बातमी येते, पण तो पूल आमच्यापासून खूप खाली.

त्यातही एक कोडं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये विसर्ग ४५ हजारांच्या वर गेला होता, २०२४ ला त्या पहाटे ३५ हजारांच्या आसपास होता. तरी आमच्या खांबावरची २०२४ ची खूण २०१९ च्या खुणेपेक्षा चांगली वीतभर वर आहे. (पाणी ओसरल्यावर गाळाची रेघ राहते, ती पुसायच्या आत दोन्ही वेळा ऑइल पेंटने पट्टा मारून तारीख घातली होती.) मग नुसत्या क्युसेकवर भरवसा ठेवायचा कसा?

अजून एक, जे आमच्या वॉचमनकाकांनी पाहिलं म्हणून कळलं. पाणी आधी भिंतीवरून आलंच नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात पावसाळी लाइनचं चेंबर आहे, त्याचं झाकण खडखडायला लागलं, कडेने बुडबुडे आले आणि मग गढूळ पाणी उलटं वर आलं. तेव्हा नदी भिंतीबाहेर अजून खालीच होती.

तर मला विचारायचंय ते हे : विसर्ग आणि आमच्याकडची पातळी यांचा मेळ कसा घालायचा, विसर्ग वाढल्यापासून पाणी पोचायला किती वेळ लागतो, आणि भिंतीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला तर तो पावसात टिकतो का? सोसायटीचं बजेट बेताचं आहे.

प्रतिसाद १

आधी पट्टी, मग सेन्सर. भिंतीच्या नदीकडच्या अंगाला खालपासून वरपर्यंत फूट-इंचांची पट्टी रंगवून घ्या, रात्री टॉर्चच्या उजेडात वाचता येईल अशी. शून्य एकदा ठरवलं की हलवायचं नाही. मग गवंड्याकडच्या लेव्हल पाइपने गेट, ते चेंबर, लिफ्टचा खड्डा, मीटर रूमचा उंबरा आणि तुमचे दोन्ही पट्टे, सगळ्यांची उंची त्याच शून्यापासून मोजून घ्या. तुमची 'इशारा पातळी' चेंबरच्या तोंडाची, गेटची नाही. त्या लाइनवर फ्लॅप व्हॉल्व्ह बसवता येतो, त्याने पाणी उलटं येत नाही. पण तो नीट बसतोय ना, कचरा अडकला नाही ना, हे दर पावसाळ्याआधी बघावं लागतं.

क्युसेक आणि फूट यांचं नातं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. पात्र रुंद असेल तर तेवढ्याच पाण्याला फूट कमी भरतात. भराव पडला, गाळ साचला, झाडोरा वाढला की नातं बदलतं. शिवाय धरणाचा आकडा धरणापाशीच संपतो. खाली धायरी, वडगाव, शिवणे भागातले ओढे नदीला मिळतात, ते पाणी त्या आकड्यात नसतं. तुमच्या वीतभर फरकामागे यातलं काय किती, हे पट्टीच्या नोंदी असल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून या पावसाळ्यात विसर्ग बदलल्याची वेळ आणि तुमच्या पट्टीवर पाणी चढायला लागल्याची वेळ वहीत लिहा. पोचायचा वेळ त्यातूनच निघेल. तोही दर वेळी सारखा नसतो, कोरड्या पात्रात पाणी सावकाश येतं, आधीच वाहत असेल तर लवकर.

वरच्या धरणांकडेही लक्ष ठेवा. खडकवासला जेमतेम १.९७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. दिवसभर ११,५७४ क्युसेकने पाणी आलं की एक टीएमसी होतं. म्हणजे खडकवासला भरलेलं असताना पानशेत-वरसगावमधून मोठा विसर्ग सुरू झाला, वर घाटात पाऊसही चालू असला, की ते पाणी धरायला तिथे जागा नसते. आलेलं पाणी पुढे सोडावंच लागतं. तुम्हाला आधी जाग यायची असेल तर पानशेत आणि वरसगावचे सांडवे बघा.

प्रतिसाद २

सेन्सरबद्दल. अल्ट्रासॉनिक चालेल, पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. पाच मीटर अंतराला दहा अंशांच्या फरकाने आठ-नऊ सेंटीमीटर चूक होते. पावसाळ्यात तापमान फार हलत नाही आणि तापमान भरपाईवालं मॉडेलही मिळतं. खरा त्रास कोळ्याच्या जाळ्याचा आणि तोंडावर साचलेल्या थेंबांचा. रडार सेन्सरला हे बाधत नाही, पण महाग. काहीही लावा, घरातल्या वायफायवर ठेवू नका. वीज गेली की राउटर बंद. सिमकार्ड आणि बॅटरी हवी. नदीच्या बाजूला काही बसवायचं तर महापालिका आणि पाटबंधारे खात्याला आधी लेखी कळवा.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. चेंबरचं तोंड हीच इशारा पातळी, हे डोक्यात आलंच नव्हतं. रविवारी गवंडी बोलावलाय, पट्टी आणि लेव्हल दोन्ही करून घेतो. सेन्सर पुढच्या वर्षी, यंदा वही.

अजून एक विनंती. पलीकडे कर्वेनगर-वारज्याच्या काठावर कोणी राहत असेल, किंवा आमच्या वर शिवणे-नांदेड भागात, आणि अशीच पट्टी रंगवायला तयार असेल, तर इथेच लिहा. वरच्या अंगाला पाणी चढायला लागल्याचा रात्री एक फोन आला तरी आमच्या तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना कोरड्या जिन्याने वर नेता येईल.