मदत हवी आहे: डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ, डोळे तपासले तर ठीक

फुलेवाडीकर:
वहिनींसाठी विचारतोय. वय ३२. वाचताना शब्दातला मधलाच तुकडा दिसेनासा होतो. मग तिथे करवतीच्या दातांसारखी चमचमती रेघ उमटते, मोठी होत डाव्या कडेला सरकते आणि २५-३० मिनिटांत विरते. नंतर कधी डोकं ठणकतं आणि मळमळतं, कधी काहीच होत नाही. महिन्यातून एक-दोनदा. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून पडदा तपासला, डोळे ठीक आहेत म्हणाले. बीपी, साखर नॉर्मल. रोज फुलेवाडी ते राजारामपुरी मोपेडवर जाणं-येणं आहे, त्याचीच जास्त काळजी. एमआरआय करावा का? रेघ दिसली की लगेच गोळी घ्यायची का?

दृष्टिक्षेप:
वर्णन अर्धशिशीच्या ऑराचं वाटतंय, म्हणजे डोकं दुखण्याआधी किंवा दुखण्याशिवायही थोडा वेळ दिसणाऱ्या अशा खुणांचं. हा प्रकार डोळ्यात होत नाही, मेंदूच्या मागच्या भागात होतो, जिथे दिसलेल्याचा अर्थ लागतो. तिथे पेशी उत्तेजित होण्याची एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर अशा संथ गतीने सरकते आणि तिच्यामागचा भाग थोडा वेळ गप्प पडतो. लाटेची पुढची कड म्हणजे ती चमचमती रेघ, गप्प पडलेला भाग म्हणजे न दिसणारा तुकडा. ब्राझीलच्या लेआओ यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर ही लाट नोंदवली. त्यामुळे पडदा निरोगी दिसणं साहजिक आहे. चष्म्याचा नंबर बदलून किंवा थेंब घालून यात काही फरक पडणार नाही, त्यात पैसे घालू नका.

पण एक गोष्ट पक्की करून घ्या. पुढच्या वेळी रेघ दिसताच भिंतीवरच्या एकाच ठिकाणी नजर ठेवायची. उजवा डोळा तळव्याने झाकायचा, दाबायचा नाही. मग डावा. दोन्ही वेळा रेघ त्याच बाजूला दिसली तर मूळ मेंदूत. एकाच डोळ्यात दिसली आणि दुसऱ्यात बिलकुल नाही, तर तो वेगळा विषय आहे, त्यासाठी त्याच दिवशी पुन्हा नेत्रतज्ज्ञ. 'डाव्या बाजूला दिसतं' याला बरेच जण 'डाव्या डोळ्यात दिसतं' म्हणतात आणि तपासणी तिथेच भरकटते.

कागदावर फुली काढून मधला बिंदू म्हणजे नजर धरा. दर ५ मिनिटांनी रेघ कुठे पोचली ते पेन्सिलने काढा, शेजारी घड्याळाची वेळ. न्यूरॉलॉजिस्टला हा कागद दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. ऑरा हळूहळू पसरतो आणि ५ ते ६० मिनिटं टिकतो. एका झटक्यात अंधार आला तर तो ऑरा धरून चालू नका.

फुलेवाडीकर:
धन्यवाद. झाकून कधी पाहिलेलं नाही, सांगतो त्यांना. एमआरआयचं?

दृष्टिक्षेप:
न्यूरॉलॉजिस्टना एकदा दाखवाच. ऑरा ठरावीक पद्धतीचा आणि तपासणी नॉर्मल असेल तर दर वेळी एमआरआय लागतोच असं नाही. ६० मिनिटांपेक्षा जास्त टिकणं, नेहमीचं स्वरूप अचानक बदलणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं, यांत मात्र लागतो.

हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी असेल तर वाट पाहू नका. १०८ लावा किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा काळे ठिपके एकदम वाढून कडेला विजा चमकल्या, तर डोळ्याचा पडदा सुटल्याची शंका. तेही त्याच दिवशी.

औषधपेटी:
एक आगाऊ प्रश्न. वहिनी गर्भनिरोधक गोळी घेतात का?

फुलेवाडीकर:
विचारून आलो. हो, माला-एन. याचा काय संबंध?

औषधपेटी:
मोठा संबंध आहे. माला-एनमध्ये इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिग्रॅ आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. ऑरा असलेल्या अर्धशिशीत रक्तपुरवठा अडून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो, इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अशा रुग्णांसाठी इस्ट्रोजेन असलेली गोळी चौथ्या गटात आहे, म्हणजे वापरू नये. ३२ व्या वर्षी धोका एकंदरीत कमीच, त्यामुळे घाबरवू नका, पण याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि 'ऑरा आहे' हे स्वतःहून सांगा. विचारलं जाईलच असं नाही. तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी, यांत इस्ट्रोजेन नाही. बदल होईपर्यंत निरोध.

आता दुखण्याच्या गोळीबद्दल. रेघ दिसताच नॅप्रोक्सेन किंवा पॅरासिटामॉल घेतलं तर चालतं. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर नॅप्रोक्सेन विचारल्याशिवाय नाही. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही औषधं रेघ चालू असताना घेऊन उपयोग होत नाही, डोकं दुखायला लागलं की घ्यायची. हृदयविकार किंवा काबूत नसलेलं बीपी असेल तर नाहीच. मळमळ असते तेव्हा जठर मंदावतं आणि गोळी पोटातच पडून राहते, म्हणून डॉक्टर सोबत डोमपेरिडोन देतात. नुसतीच रेघ येऊन गेली, दुखलं नाही, तर गोळीची गरज नाही.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय 'अर्धशिशीची गोळी' मागू नका. हातात येते ती बऱ्याचदा एर्गोटामाइन आणि कॅफिनची मिश्र गोळी. ती घेतल्यावर २४ तास ट्रिप्टान चालत नाही. शिवाय अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान महिन्यात १० दिवस, साध्या वेदनाशामक १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आठवड्यात दोन दिवसांच्या वर जायचं नाही, हे धरून ठेवा.

रोजचं प्रतिबंधक औषध महिन्यातून एक-दोनदा होणाऱ्या त्रासाला सहसा लागत नाही. पुढे लागलं तर दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नाही, एवढं आधी सांगा. फ्लुनारिझिननं झोप येते, वजन वाढतं.

उद्यमनगर_तीन:
भावा, गाडीचं बघ. रेघ दिसली की कडेला घेऊन स्टँडवर लावायची, चावी काढायची. 'दोनच मिनिटं, घर आलंच' हे न्हाय. त्या आंधळ्या तुकड्यात आख्खा माणूस मावतो, आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो, म्हणून रस्ता मोकळा वाटतो. नजर पूर्ण साफ झाल्यावर वरती पाच-दहा मिनिटं थांबायचं. डोकं धरलं तर मागं बसून घरी.

तुमचा रस्ता बी बेकार हाय. सकाळी राजारामपुरीकडं म्हणजे पूर्वेला, संध्याकाळी रंकाळ्याकडनं फुलेवाडीला म्हणजे पश्चिमेला. दोन्ही वेळा ऊन तोंडावर. पोलराइज्ड गॉगल घ्या, हेल्मेटची काच ओरखडे पडलेली असली तर बदला, ओरखड्यानं उजेड फुटतो. जमलं तर अर्धा तास वेळ पुढं-मागं करा.

दृष्टिक्षेप:
गॉगल फक्त बाहेर. घरात काळा चष्मा लावून बसलं की डोळे अंधाराला सरावतात आणि साधा बल्बही टोचायला लागतो.

कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी खुणा करा: रेघ, दुखणं, गोळी, पाळी, उपास, झोप. नवरात्रात किंवा शनिवारी नुसत्या चहावर दुपार काढणं, आणि रोजचा चहा एखाद्या दिवशी एकदम बंद करणं, दोन्हींनी त्रास उठू शकतो. उपास सोडायला सांगत नाही, पण खाण्याची वेळ चुकवू नका. तीन महिन्यांच्या खुणा झाल्याशिवाय चॉकलेट, चीज वगैरे कशालाच दोषी ठरवू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती पानं, पेन्सिलीचा कागद आणि माला-एनचं पाकीट सोबत न्या.