शाश्वत, निस्तार, राखीव, गौण : प्रबंधासाठी शब्द हवेत

वैनगंगाकाठ :
नमस्कार मंडळी. भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांवर माझं पीएचडीचं काम चालू आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांकडे म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे असलेले, तिकडचे नसाल तर म्हणून सांगते. प्रबंध मराठीत लिहायचा हे आधीपासून ठरलेलं, कारण ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना तो वाचता यायला हवा. आता अडलंय ते असं की ‘सस्टेनेबल नॅचरल रिसोर्स मॅनेजमेंट’ला मी ‘नैसर्गिक संसाधनांचे शाश्वत व्यवस्थापन’ लिहिते, सगळेच लिहितात, पण मुलाखतींची टिपणं काढली की यातला एकही शब्द कोणाच्या बोलण्यात सापडत नाही. तिथे निस्तार आहे, गाळपेर आहे, तुडूम आहे, पाणकर आहे, राखण आहे. हे शब्द मी प्रबंधात नुसते परिशिष्टात टाकायचे का मुख्य मजकुरात वापरायचे? आणि मुळात ‘शाश्वत’ हा शब्द बरोबर आहे का? शाश्वत म्हणजे कायमचं, न बदलणारं. तलाव तर दरवर्षी भरतो आणि उतरतो.

जुना वाचक :
‘शाश्वत’बद्दल तुमची शंका रास्त आहे. हिंदीत सरकारी कागदावर ‘सतत विकास’ असतं, आपल्याकडे ‘शाश्वत विकास’ रुळला. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालात जी व्याख्या आहे, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, तिच्यात कायमचं किंवा अविनाशी असं काहीच नाही, उलट मर्यादेची भाषा आहे. त्याच्याही मागे गेलं तर जर्मनीत सॅक्सनीच्या खाणींना लाकूड कमी पडायला लागलं तेव्हा कार्लोविट्झ नावाच्या खाण अधिकाऱ्याने १७१३ साली वनशेतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात ही कल्पना मांडली. तिचा मतलब साधा होता, जंगल जेवढं वाढेल तेवढंच तोडा. म्हणजे मूळ विचार हिशोबाचा आहे. आपल्याकडे ‘शाश्वत’ला ब्रह्म, सत्य, आत्मा यांची सोबत आहे त्यामुळे वाक्यात तो आला की वजन वाढतं पण किती, कोणी, कधीपर्यंत हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. मला स्वतःला ‘टिकाऊ’ जास्त प्रामाणिक वाटतो, जरी तो चपला-कपड्यांच्या दुकानातला असला तरी.

पांझराकाठ :
टिकाऊ वस्तू असते हो, वापर नाही. आमच्याकडे धुळ्याला म्हातारी माणसं ‘पुरवून वापरणं’ म्हणतात, पाणी पुरवून वापरा. यात वापर पण आला आणि पुढचा महिना पण आला.

व्यवस्थापन या शब्दाबद्दल थोडं लांबण लावतो कारण फड पद्धतीशी घरचा संबंध आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत, बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात आणि त्या थळाचे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, शेतकऱ्याने आपल्या हाताने पाटाचं बारं फोडून पाणी घ्यायचं नाही. आणि खरी गंमत पुढे आहे, बहुतेकांची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडात असते, त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा ठरलं तर झळ सगळ्यांना सारखी बसते, पाटाच्या टोकाला आहे म्हणून एकटाच मेला असं होत नाही. आता याला व्यवस्थापन म्हटलं की डोळ्यासमोर ऑफिस येतं, कोणीतरी वर बसून करतंय असं. इथे करणारे आणि भोगणारे तेच आहेत. त्याला आमच्यात ‘वहिवाट’ म्हणतात. कोर्टाच्या कागदातली वहिवाट नाही फक्त, चालत आलेली रीत आणि तिच्याबरोबर आलेला हक्क, दोन्ही.

वैनगंगाकाठ :
दादा हे फार उपयोगी आहे. पुरवून वापरणं हा शब्दप्रयोग मी नक्की घेणार. वहिवाट आमच्याकडेही आहे पण शेतात जायच्या वाटेपुरती जास्त. पाण्याबद्दल बोलताना निस्तारच.

जुना वाचक :
निस्तारबद्दल जरा सविस्तर लिहा ना. पुण्याकडे ‘निस्तरणं’ म्हणजे दुसऱ्याने केलेला घोळ आपण भोगून संपवणं, ‘आता तूच निस्तर’ असं. हक्क या अर्थाने मी तो वाचलाय पण बोलताना कधी ऐकला नाही.

वैनगंगाकाठ :
मूळ एकच असावं. निस्तार म्हणजे पार पडणं, तरून जाणं, त्यावरून गरज भागणं. विदर्भात निस्तार म्हणजे गावाला जळण, चराई, गुरांचं पाणी, घरासाठी लाकूडफाटा, माती, मुरूम घ्यायची मोकळीक. मालगुजाराच्या काळात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात गावाच्या रूढी नोंदवलेल्या असायच्या, तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, कधी जाईल हेसुद्धा. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, तिच्यात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे आणि ते फक्त विदर्भाला लागू आहे. म्हणून पुण्या-मुंबईत हा शब्द त्या अर्थाने ऐकू येत नाही.

मला याच्यात जे महत्त्वाचं वाटतं ते हे की ‘संसाधन’ म्हटलं की तलाव ही एक वस्तू होते, तिची क्षमता किती, सिंचन किती, मासळीचं उत्पन्न किती एवढं मोजलं की काम झालं. निस्तार म्हटलं की लगेच माणसं येतात. कोण घेणार, कोणाला आधी, कोणत्या महिन्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर जी शेती होते ती गाळपेर, आता ही जमीन तलावात मोजायची का शेतीत? तक्त्यात एकाच रकान्यात टाकता येते, पण गावात विचारलं तर पावसाळ्यात ती ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, मासळीची आणि उन्हाळ्यात गाळपेरवाल्याची, आणि दोघांनाही ते माहीत असतं.

तुडूमचंही तसंच. शब्दावलीत ‘विमोचक’ मिळालं मला. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीत (बांधात) बांधलेला निकास, वेगवेगळ्या उंचीवर भोकं असलेला, तलाव जसा उतरेल तसं खालचं भोक मोकळं करायचं. म्हणजे वरचं पाणी आधी जातं आणि तळाचं शेवटपर्यंत राहतं. हे काम पाणकराचं, त्याचा मोबदला धानात. पाणकर गेला की तुडूमचं नुसतं विमोचक होतं.

धानोरा :
मी गडचिरोलीचा. दोन शब्द टाकतो, दोन्ही जंगलाचे पण तुमच्या कामाला लागतील.

एक ‘राखीव’. १९२७ च्या वन कायद्यातलं राखीव वन म्हणजे सरकारने गावापासून बाजूला काढून ठेवलेलं. आमच्याकडे लोक म्हणतात ‘आमी राखलेला जंगल’. धातू एकच, राखणं, पण एकात गाव बाहेर आणि दुसऱ्यात गावच कर्ता. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो वनहक्क कायदा २००६ खाली, त्या कायद्यातही जतन करण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क असं लिहिलंय, तर तिथे व्यवस्थापन या शब्दाचा अर्थच बदलतो, ते हक्क म्हणून येतं.

दुसरा ‘गौण’. गौण वनोपज. तेंदू, मोह, डिंक, हिरडा सगळं गौण. कोणाच्या हिशोबाने गौण? सागवान मोजणाऱ्याच्या. ज्याच्या घरात वर्षाची रोकड तेंदूच्या हंगामात येते त्याला ते गौण कसं? बांबूचं तर बघा, वन कायद्यात २०१७ पर्यंत झाड, वनहक्क कायद्यात गौण वनोपज, आणि या भांडणात मेंढ्याच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळायला २०११ उजाडलं. एका शब्दावर गावाचा पैसा अडला होता. प्रबंधात गौण लिहाल तेव्हा कायद्याचं नाव म्हणून लिहा, तुमचं मत म्हणून नको.

पांझराकाठ :
+१. ‘पोटखराबा’ पण असाच. सातबाऱ्यावर जी जमीन लागवडीलायक धरलेली नाही ती पोटखराबा, मग तिथे नाला असो, गवत असो, करवंदाची जाळी असो.

जुना वाचक :
सगळं पटतंय, फक्त एक अडचण मांडतो. परीक्षक गडचिरोलीचे असतीलच असं नाही. सोलापूरच्या विद्यार्थ्याने हा प्रबंध पुढे वापरायचा तर त्याला सामाईक शब्द लागणारच. पारिभाषिक शब्द टाकून देऊ नका. एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंनी, ज्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, साठा आणि त्यातून होणारी उचल यांच्यात फरक केलाय. तलाव हा साठा, पाणी आणि मासे ही उचल. ‘साठा’ आणि ‘उचल’ हे शब्द कुठल्याही सोसायटीच्या सभासदाला कळतात, शिवाय ते तंतोतंत आहेत. असे दोन्हीकडे चालणारे शब्द शोधा.

वैनगंगाकाठ :
साठा आणि उचल फारच छान बसतंय, आणि तिसरा शब्द मला लोकांकडूनच मिळालाय, ‘भर’. गाळ काढणं, पाळीवर माती टाकणं, बेशरमची झुडपं उपटणं, पाण्यातली देशी वनस्पती परत लावणं जेणेकरून मरळसारख्या माशांना अंडी घालायला जागा मिळेल, याला सगळं मिळून तलावात भर घालणं म्हणतात. उचल आणि भर. पाण्याचा ताळेबंद म्हटलं की हिवरे बाजारमुळे सगळ्यांना कळतं, त्याच धर्तीवर हे मांडता येईल.

तर मी असं करते. शीर्षकात ‘शाश्वत’ ठेवते कारण विद्यापीठाच्या नोंदणीत विषय तसाच आहे. पहिल्या प्रकरणात त्याचा अर्थ पुरवून वापरणं असा बांधून घेते. पुढे मुख्य मजकुरात निस्तार, गाळपेर, तुडूम, पाणकर हेच शब्द, पहिल्यांदा येतील तिथे दोन ओळीत अर्थ. ‘विमोचक’ फक्त पाटबंधारे खात्याचा कागद उद्धृत करताना.

एक शेवटचं, धानोरादादा, बोडी आणि तलाव यात तुमच्याकडे फरक कसा करतात?

धानोरा :
बोडी लहान असते जी, बहुतेक ज्याच्या शेतात त्याची, त्याच्याच बांधीपुरतं पाणी. तलाव गावाचा. बोडीला पाणकर नसतो.