तुम्हाला किती लहानपणचं आठवतं? आणि ते खरंच आठवतं का?

गंगाघाट_२००१
मंडळी, एक घरगुती वाद सोडवायचाय. २०२७ चा सिंहस्थ येतोय म्हणून परवा जेवताना विषय निघाला आणि मी सहज बोलून गेलो की मला आपल्या नाशिकचा २००३ चा कुंभमेळा आठवतो. आई घास हातात धरूनच थांबली. म्हणे तू तेव्हा अडीच वर्षांचा होतास आणि तुला आम्ही नेलंच नव्हतं, एवढ्या गर्दीत कोण नेतं पोराला, तू सिन्नरला मामाकडे होतास.

आता मला काय दिसतं ते सांगतो. मी बाबांच्या खांद्यावर बसलोय, लाल रेनकोट, बारीक पाऊस, खाली नुसती डोकीच डोकी, समोर रामकुंड आणि त्यात भस्म फासलेले नागा साधू धपाधप उड्या मारतायत. बाबांच्या केसांना ओल्या तेलाचा वास येतोय. आणि माझी एक चप्पल पायातून निसटते, मी ओरडून सांगतोय पण कुणाला ऐकूच जात नाहीये. संपलं. आधी काय नंतर काय, शून्य. त्यानंतरची पुढची आठवण डायरेक्ट बालवाडीतली.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, नेलं असेल, नसेल नेलं, मला काय आता आठवतंय. म्हणजे माणूस ज्याच्या खांद्यावर बसला तोच साक्षीदार फुटला.

तर प्रश्न असा की अडीच वर्षांचं आठवू शकतं का? तुमची सगळ्यात जुनी आठवण कुठली? आणि ती खरी आहे हे तुम्ही कशावरून सांगता?

मिसळ_जास्त_तर्री
अडीच वर्षं काय घेऊन बसलास भो, मला माझं बारसं आठवतं. सिरीयसली. पाळणा, वर लटकवलेलं चिमणाळं, आत्याने कानात कुर्रर्र केलं आणि मग बायकांनी तिच्या पाठीत घातलेले धपाटे. लोक हसतात पण मला दिसतं म्हणजे दिसतं.

दोन_पोरांची_आई
बाराव्या दिवशीचं??

मिसळ_जास्त_तर्री
आमच्याकडे सुतक होतं म्हणून पाच महिन्यांनी केलं होतं. आता बोला.

शिकवते_म्हणून_बोलते
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, आधीच सॉरी.

मोठ्या माणसांना सगळ्यात जुनी आठवण विचारली की सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याच्या आधीचं जवळपास कोरं. फ्रॉइडने याला इन्फंटाइल अम्नेशिया म्हटलं, कारणही त्याच्या पद्धतीचंच दिलं, की मन ते दाबून टाकतं. ते आता फारसं कोणी धरत नाही. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, घडलेला प्रसंग पकडून ठेवण्याचं काम त्याचं, आणि तो त्या वयात अजून घडत असतो. पण म्हणजे बाळं काही साठवतच नाहीत असं नाही हां. २०२५ मध्ये अमेरिकेत चार महिने ते दोन वर्षांच्या बाळांना जागेपणी एमआरआय मशीनमध्ये ठेवून चित्रं दाखवली (कशी ठेवली देवजाणे, माझी भाची केस कापायला बसत नाही), तेव्हा दिसलं की जे चित्र बाळ नंतर ओळखतं ते पहिल्यांदा बघताना त्याचा हिप्पोकॅम्पस जास्त चालत होता, आणि हे साधारण वर्षाच्या पुढच्या बाळांत जास्त स्पष्ट होतं. म्हणजे साठवण होते, मोठेपणी तिथपर्यंत हात पोचत नाही.

दुसरं, भाषा. न्यूझीलंडमध्ये एक मजेदार प्रयोग झाला होता, दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक जादूचं मशीन दाखवलं, वरून मोठं खेळणं टाकायचं, खालून तसंच छोटं बाहेर येतं. सहा महिने, वर्षभराने विचारलं तर पोरांना बरंच काही करून दाखवता येत होतं, पण सांगताना एकानेही असा शब्द वापरला नाही जो प्रसंगाच्या वेळी त्याला येत नव्हता. मधल्या काळात ते शब्द शिकली होती तरी! जुनी आठवण नव्या शब्दांत उतरत नाही म्हणे. मला हे वाचून अनेक दिवस अस्वस्थ वाटलं होतं.

मिसळ भाऊ, रागावू नका पण तुम्ही एकटे नाही. इंग्लंडमध्ये ६,६४१ लोकांना विचारलं होतं तर ३८ टक्क्यांहून जास्त लोकांनी पहिली आठवण दोन वर्षांची किंवा त्याच्या आधीची सांगितली. पाळण्यातली सांगणारेही होते. संशोधकांचं म्हणणं की ऐकलेलं, फोटोत पाहिलेलं आणि 'बाळपण असं असतं' ही कल्पना, सगळं मिळून तयार झालेलं चित्र असतं ते.

गंगाघाट, तुला एकच विचारते. तो लाल रेनकोट तुला कसा दिसतो? खाली मान घालून स्वतःच्या अंगावर, की समोरून, दुसऱ्याने तुला बघावं तसा?

गंगाघाट_२००१
समोरून.
अरे यार.

तिवंध्याचा_वाडा
मी इथला जुना माणूस, वय वर्षे साठच्या पुढे. बाळा, तुझ्या आठवणीत एक घोळ आहे तो कुणाच्या लक्षात कसा आला नाही. रामकुंडात शाही स्नान असतं ते वैष्णव आखाड्यांचं, बैरागी साधूंचं. भस्म फासलेले शैव नागा त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात, इथून तीसेक किलोमीटर लांब. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, एखादा फिरताना दिसणारच नाही असं नाही, पण धपाधप उड्या मारणारी झुंड तू रामकुंडात पाहिलीस म्हणतोस ते जमत नाही. एकतर तू त्र्यंबकला होतास नाहीतर टीव्हीसमोर.

माझी स्वतःची आठवण १९६९ च्या पुराची. चार वर्षांचा होतो. आता गंमत बघा, त्या पुराच्या गोष्टी आमच्या वाड्यात इतक्यांदा सांगितल्या गेल्या की नदीतला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला, नारोशंकराच्या देवळाची घंटा पाण्यात गेली, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगू शकतो आणि आयुष्यभर सांगत आलोय. पण घंटेपाशी चार वर्षांच्या पोराला कोण घेऊन जाणार होतं? मी घरात कडीबंद असणार. ते सगळं आजोबांचं आहे, माझं नाही, हे मला पन्नाशीत कळलं.

माझं म्हणाल तर एकच आहे. माडीवर सामान हलवताना पितळी घंगाळं जिन्यावरून गडगडत खाली गेलं आणि काकू त्या आवाजाला घाबरून रडायला लागली. मोठं माणूस रडतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. ही गोष्ट घरात कुणी कधीच सांगितली नाही, सांगण्यासारखी होती कुठे? म्हणून ती माझी. ज्या गोष्टीत काही दम नाही ती खरी समजावी असा माझा हिशोब आहे.

शिकवते_म्हणून_बोलते
काका, काय बोललात. चुकीचा ठरू शकतो हा हिशोब, पण वर्गात सांगणार मी हे.

दोन_पोरांची_आई
मला वेगळंच सांगायचंय, मी आठवण पुसली जाताना बघितली आहे. माझा मोठा २२ मार्च २०२० ला, ते थाळ्या वाजवल्या तेव्हा, सव्वादोन वर्षांचा होता. आम्ही सिडकोत राहतो, गॅलरीत सगळे उभे, त्याच्या हातात मी पोळ्यांच्या डब्याचं झाकण दिलं होतं आणि त्याने ते खाली टाकलं आणि खालच्या काकूंच्या तुळशीवर पडलं. चार वर्षांचा होईपर्यंत तो स्वतःहून सांगायचा, आई मी झाकण टाकलं, तुळस मोडली, काकू ओरडल्या नाहीत. आलेल्या गेलेल्या सगळ्यांना सांगायचा. मध्ये आम्ही घर बदललं, धाकटी झाली, विषयच निघाला नाही. आता आठ वर्षांचा आहे, गेल्या महिन्यात मी म्हटलं तुला झाकण आठवतं का, तर कुठलं झाकण? मी सगळं सांगितलं तर हसला, म्हणे मी असं केलं? जणू दुसऱ्याच कुठल्यातरी पोराची गोष्ट. मला इतकं वाईट वाटलं ना, वेड्यासारखं. त्याचं होतं ते, आता फक्त माझ्याकडे आहे.

शिकवते_म्हणून_बोलते
ताई, अगदी हेच मोजलेलं आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउअर या मानसशास्त्रज्ञांनी आई-वडिलांना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलांशी, होऊन गेलेल्या प्रसंगांबद्दल बोलायला लावून रेकॉर्ड केलं आणि मग काही वर्षांनी मुलांना परत विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातलं ६० टक्क्यांहून जास्त आठवत होतं, आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीसच्याही खाली. म्हणजे लहानपण आपण मोठेपणी विसरत नाही, लहान असतानाच विसरून जातो. सात-आठच्या आसपास गळती लागते.

आणि घरात किती बोललं जातं त्यानेही फरक पडतो. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपास निघाल्या, तिथल्या बाकीच्यांपेक्षा लवकरच्या. त्यांच्यात घराण्याच्या, कुळाच्या गोष्टी सांगायची मोठी परंपरा आहे. काकांचा वाडा आठवला मला हे लिहिताना.

फक्त सांगण्याचा दुसरा पण परिणाम होतो. पियाजे नावाचा मोठा बालमानसशास्त्रज्ञ, त्याला अगदी डोळ्यांसमोर दिसायचं की तो बाबागाडीत असताना पॅरिसच्या रस्त्यावर एका माणसाने त्याला पळवायचा प्रयत्न केला आणि दाईने झटापट करून वाचवलं, तिच्या तोंडावर ओरखडे आले, पोलीस आला. तो पंधराएक वर्षांचा असताना त्या दाईचं पत्र आलं की सगळं मी रचलं होतं, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ तिने परत पाठवलं. आठवणींवर जगाला शिकवणाऱ्या माणसाची ही अवस्था. आणि फोटो तर अजून डेंजर. २००२ च्या एका प्रयोगात वीस मोठ्या माणसांना लहानपणीचा फुग्यात बसून उडाल्याचा बनावट फोटो दाखवला, दोन आठवड्यांत त्यातल्या निम्म्यांना ती फुग्याची सफर थोडीफार तरी 'आठवायला' लागली.

मिसळ_जास्त_तर्री
म्हणजे तुम्ही ठरवणार माझ्या डोक्यात काय झालं ते. ठीक आहे. पण मला सांगा, खोटी आठवण आणि खरी आठवण आतून सेमच दिसत असेल तर तुमची तरी कुठली खरी? तुम्ही ज्या शाळेत गेलात असं तुम्हाला वाटतं ती पण काय माहीत.

शिकवते_म्हणून_बोलते
हा प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळते.

सातपूर_लूप
माझी तारखेसकट आहे. गणपती दूध प्यायला तो दिवस, २१ सप्टेंबर १९९५. मी तीनला दोन महिने कमी. गल्लीतल्या देवळाबाहेर रांग, आईच्या हातात वाटी आणि मला गणपती दिसतच नव्हता, मला आठवतं ते फक्त सांडलेल्या दुधाने चिकट झालेली फरशी आणि पाय उचलताना येणारा चर्र आवाज. काकांच्या हिशोबाने पास ना मी? फरशीबद्दल आमच्या घरात कुणी बोललेलं नाही.

तिवंध्याचा_वाडा
पास. डिस्टिंक्शन.

गंगाघाट_२००१
अपडेट. काल रविवार होता, माळ्यावरून अल्बम काढले. फोटो सापडला. लाल रेनकोट, गंगाघाट, खांद्यावर पोरगं. पण खांदा काकाचा आणि पोरगं म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून वर्षाने मोठा. रेनकोट मात्र माझाच, आई म्हणाली तू सिन्नरला होतास म्हणून त्याला घातला. म्हणजे माझा रेनकोट कुंभमेळ्याला गेला होता, मी नाही.

नागा साधू टीव्हीवरचे हे पण मान्य करून टाकलं मी, तेव्हा दिवसभर घरात तेच लावलेलं असायचं म्हणे.

मग आत्याला फोन केला तर तिने तिसरंच काढलं, की त्याच वर्षी गणपती विसर्जनाला दादाने तुला खांद्यावर घेऊन गंगेवर नेलं होतं, मी होते ना सोबत. आई म्हणते आत्याला काय माहीत, ती त्या वर्षी पुण्यात होती. आता त्या दोघींचं वाजलंय आणि त्याला मी जबाबदार.

पण खरी गोष्ट पुढे आहे. रात्री भांडी आवरताना मी आईला म्हटलं की मग चप्पल कुठून आली? तेल आणि चप्पल हे तर फोटोत नाही. तर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, निळी होती ना. एक हरवली म्हणून दुसरी मी बरेच दिवस ठेवली होती, सापडेल या आशेवर. कुठे हरवली ते तिला आठवत नाही, सीबीएस स्टँडवर बसमध्ये चढताना असं तिला वाटतं. मी रंग सांगितला नव्हता. मला रंग आठवतच नाही.

दोन_पोरांची_आई
काटा आला अंगावर.

शिकवते_म्हणून_बोलते
छानच आहे हे. पण मास्तरीण म्हणून सांगते, तू विचारल्यावर तिला आठवलं, आधी नाही. तिची पण आत्ता तयार झालेली असू शकते.

तिवंध्याचा_वाडा
सोपं आहे. कुठल्या पायातली हरवली ते तू एका कागदावर लिही आणि मग आईला वेगळं विचार. आधी तोंडातून काही काढू नकोस.

गंगाघाट_२००१
उशीर झाला काका. कालच बोलून बसलोय, डाव्या. आणि ती म्हणाली, हो हो, डावीच.