खाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय

चाकोरी: १.२ लिटर पेट्रोल गाडी, ९२ हजार किमी. बाटलीतलं कूलंट आठवड्याला बोटभर उतरतं. पार्किंगमध्ये डाग नाही, टेम्परेचरचा काटा मध्यावर. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं, हेड उतरवू. त्याआधी काय तपासावं?

पाना_दहा: हेडला हात लावायची घाई नको. गरम इंजिनवर झिरपलेलं पाणी जागीच उडून जातं, खाली पोचतच नाही. मागे उरतो तो कूलंटच्या रंगाचा पापुद्रा. तो शोधा.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मग कॅप काढून प्रेशर टेस्टरचा हातपंप लावा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा (बारमधला) आकडा असतो, दाब तेवढाच द्या. जास्त मारलात तर जुना रेडिएटर नाहक फुटेल. थंडच का, तर रबर-प्लास्टिक आकसलेलं असताना फट उघडी असते, तापल्यावर फुगून मिटते. गरम गाडी रॅम्पवर चढवून "काही नाही" म्हणणारे इथेच फसतात.

१५ मिनिटं थांबून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा: होजची टोकं, रेडिएटरची प्लास्टिक टाकी ॲल्युमिनियमला जिथे दुमडून बसवलेली असते तो जोड, थर्मोस्टॅट हाउसिंग (कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं कवच), वॉटर बॉडी म्हणजे कूलंटच्या पंपाखालचं बारीक भोक. त्या भोकातून ओल येत असेल तर आतलं सील गेलंय. भोक बुजवू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरेल. पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेटही दाबून बघा. ओलं आणि चिकट लागलं तर हिटर कोअर (केबिनच्या हिटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

घाटवाट: टेम्परेचरच्या काट्यावर विसंबू नका. पातळी फार उतरली की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि काटा खोटं बोलतो.

गॅस्केटचा संशय ब्लॉक टेस्टरने फिटतो. कूलंटवरची हवा त्याच्या निळ्या द्रावणातून ओढायची. पेट्रोल इंजिनात जळका गॅस येत असेल तर ते पिवळं होतं. स्पार्क प्लगही काढून बघा. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. ऑइलच्या झाकणाखालची पांढरट साय मात्र थंडीत छोट्या फेऱ्यांनीही धरते, नुसत्या तिच्यावरून निकाल देऊ नका.

चाकोरी: द्रावण निळंच राहिलं. दाब १.१ वरून दहा मिनिटांत ०.८. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खालच्या कडेला गुलाबी पापुद्रा, बाकी कोरडं. नुसती ओ-रिंग बदलू? की लीक बंद करायची पावडर टाकू?

पाना_दहा: पावडर नकोच, हिटर कोअरच्या बारीक नळ्या आधी तुंबतील. प्लास्टिक हाउसिंगच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर तोंड वाकलंय, नवी रिंगही टिकणार नाही. तसंही ९२ हजारांवर मी थर्मोस्टॅटसकट पूर्ण हाउसिंगच बदलेन, मजुरी तीच.

इंजिनाकडची बाजू प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरा पडला तर गळती तिथूनच सुरू. रिंगला साधं ग्रीस नको, रबर फुगतं. कूलंटचं बोट फिरवा, पुरे. सिलिकॉनही नको. बोल्ट एम६ असतील तर साधारण १० न्यूटन-मीटर, पण मॅन्युअलचा आकडा खरा. आलटून पालटून आवळा.

घाटवाट: भरताना आधीच्याच प्रकारचं कूलंट घ्या, नुसता रंग जुळवू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर अर्धं डिस्टिल्ड पाणी, रेडीमिक्समध्ये काहीच नको. बोअरचं पाणी तर अजिबात नाही, क्षार बसतात.

हिटर फुल गरमवर ठेवा. एअर स्क्रू (हवा काढायचा) असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या. तरी हिटरमधून गार वारा आला तर आत हवा अडकलीय. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी बघून परत पंप मारा. १५ मिनिटं टेस्टरचा काटा हलता कामा नये.

जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.