मीठ, साखर आणि तुरटी: स्फटिकांची तुलना न्याय्य कशी करावी?

प्रश्न:
सातवीच्या वर्गात आम्ही तीन काचेच्या ग्लासांत प्रत्येकी १०० मिली उकळते पाणी घेऊन एकात मीठ, दुसऱ्यात साखर आणि तिसऱ्यात तुरटीची पूड, अशी प्रत्येकी ४० ग्रॅम विरघळवली आणि दोरे सोडून ग्लास आठ दिवस झाकून ठेवले. तुरटीचे सुंदर टपोरे स्फटिक आले, मिठाचे तळाशी चिमूटभर कण जमले, आणि साखरेच्या ग्लासात काहीही झाले नाही. मुलांनी ‘साखरेचे स्फटिक होत नाहीत’ असा निष्कर्ष वहीत लिहिला आहे. तो खोडायचा आहे, पण माझ्या सांगण्यावरून नव्हे, प्रयोगातूनच. काय बदलावे?

पहिले उत्तर:
मॅडम, वजन सारखे घेतले म्हणून तुलना न्याय्य होत नाही, कारण तिन्ही पदार्थांची विद्राव्यता, म्हणजे ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळते ते प्रमाण, फार वेगळी आहे. २० अंश सेल्सिअसला १०० मिली पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम, साखर सुमारे २०० ग्रॅम, तर तुरटी जेमतेम १४ ग्रॅम विरघळते. म्हणजे आपले साखरेचे द्रावण संपृक्ततेच्या (आणखी विरघळेनासे होण्याच्या मर्यादेच्या) जवळपासही नव्हते, आणि तुरटीचे मात्र थंड होताच अतिसंपृक्त (त्या मर्यादेपलीकडचे) झाले व जादा तुरटी स्फटिकरूपाने बाहेर पडली. मिठाची विद्राव्यता उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमच्या आसपासच राहते, त्यामुळे द्रावण निववून त्याचे स्फटिक फारसे मिळत नाहीत. त्यासाठी पाण्याचे बाष्पीभवनच व्हावे लागते आणि झाकण काढावे लागते. समान ठेवायची ती संपृक्तता. प्रत्येक पदार्थ विरघळेनासा होईपर्यंत मुलांनाच घालू द्या आणि किती लागला हे त्यांनाच मोजू द्या. निष्कर्ष तिथेच बदलेल.

दुसरे उत्तर:
वरील मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. मिठाविषयी एक भर घालतो: पाकिटातल्या बारीक मिठात ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेले पदार्थ स्फटिकाच्या वाढीत ढवळाढवळ करतात. खडेमीठ घेऊन द्रावण स्वच्छ फडक्यातून गाळले, तर उथळ बशीत नेटके घनाकार स्फटिक मिळतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने वेळ बराच लागेल, म्हणून शक्य असल्यास हा भाग उन्हाळ्याच्या तोंडावर करावा.

तिसरे उत्तर:
साखरेसाठी मुलांना खडीसाखर दाखवा. दोऱ्यावर वाढलेली खडीसाखर त्यांनी पाहिलेली असते, आणि तीच त्यांच्या निष्कर्षाला सर्वांत बोलके उत्तर आहे. पाक दाट असल्याने रेणूंना हलायला वेळ लागतो, म्हणून दोऱ्याला आधी साखरेचे दाणे चिकटवून वाळवा आणि मगच तो पाकात सोडा. तुलना आकारमानाची न करता आकाराची करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: भिंगातून पाहून मिठाचा घन आणि तुरटीचा अष्टफलक (आठ पृष्ठांचा आकार) मुलांनी स्वतः काढावा. मोरचूद निळा व देखणा असला, तरी विषारी आहे; सातवीच्या मुलांच्या हाती तो देऊ नये.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. सोमवारी खडेमीठ आणते, आणि साखरेचा डबा मुलांच्याच हाती देते.