शब्दकोश शेवटचा केव्हा उघडला होता? (अनुभव धागा)

घरात शब्दकोश असणे आणि तो वापरात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा धागा दुसरीविषयी आहे. अडलेल्या शब्दाचा अर्थ आता फोनवर क्षणात मिळतो, हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे छापील कोश बरा की डिजिटल, एवढ्यावरच चर्चा थांबू नये अशी विनंती आहे. नेमका शब्द सापडल्यामुळे, किंवा न सापडल्यामुळे, आपल्या कामात वा माणसांशी असलेल्या संबंधात काय फरक पडला, ते प्रसंगासह लिहावे. शब्दसंग्रह मोठा असावा असे आजही मनापासून वाटते का, हेही सांगावे. सुरुवात मी करते.

एका चौकशी अहवालाचा मसुदा माझ्याकडे भाषा तपासण्यासाठी आला होता. त्यात एका कर्मचाऱ्याचे निवेदन होते: 'माझ्या अपरोक्ष कागदपत्रांवर सही करण्यात आली.' त्याला 'माझ्या पाठीमागे' असे म्हणायचे होते आणि तोवर मसुदा वाचलेल्या सर्वांना तेच समजले होते. परंतु परोक्ष म्हणजे डोळ्यांआड आणि अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. वेदान्तात साक्षात अनुभवाला अपरोक्षानुभूती म्हणतात, ते याच अर्थाने. मूळ अर्थ धरला तर सही आपल्यादेखत झाली, अशी कबुलीच त्या गृहस्थांनी लिहून दिली होती. मी कोश पाहून खात्री करून घेतली, त्यांना बोलावले आणि त्यांच्या संमतीने 'माझ्या अनुपस्थितीत' असा बदल करून घेतला. बोलण्यात उलटा अर्थ आता इतका रुळला आहे की त्याला सरसकट चूक म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही. मात्र ज्या कागदावर एखाद्याची नोकरी अवलंबून आहे, त्यावर दोन विरुद्ध अर्थांनी वाचता येणारा शब्द राहू देऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

अनुवादाचे काम करणारी एक वाचक

मी अनुवाद करत असलेल्या कथेतील नायिका दिवस उगवण्याच्या सुमारास घर सोडते. पहिल्या खर्ड्यात मी 'पहाटे' असे लिहून पुढे गेले. दोन पानांनंतर तिला बऱ्याच अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसतो, आणि तेथे मी अडले, कारण माझ्या मनातली पहाट अंधारी होती. मग दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड घेऊन बसले. झुंजुमुंजु, तांबडे फुटणे, फटफटणे, उजाडणे हे सगळे शब्द मला लहानपणापासून येत होते, तरी ते एकाच वेळेची निरनिराळी नावे आहेत, अशा समजुतीत मी इतकी वर्षे होते. कोशातील अर्थ एकापुढे एक मांडल्यावर लक्षात आले की त्यांत प्रकाशाच्या पायऱ्या आहेत. झुंजुमुंजु असताना माणूस आहे एवढे कळते, कोण आहे ते कळत नाही. चांगले फटफटले की ओळख पटते. नायिकेला चेहरा दिसायचा असेल तर ती फटफटल्यावरच निघायला हवी होती. तो एक शब्द बदलला आणि त्याबरोबर आधीच्या परिच्छेदातील कंदीलही काढावा लागला.

हा कोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला आणि 1950 मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. त्याच्या जोडीला मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहते. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची आणि वाढवलेली दुसरी 1857 ची. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पामुळे संगणकावर शोधता येतात आणि घाई असली की मीही तेथेच जाते. तरीही छापील खंड टेबलावरून हलवलेले नाहीत. शोधखिडकीत टाकण्यासाठी शब्द आधी माहीत असावा लागतो, आणि माझी अडचण बहुतेक वेळा तोच माहीत नसण्याची असते. अशा वेळी जवळचा वाटणारा एखादा शब्द काढून त्याच्या आसपासची दोन-तीन पाने वाचत राहणे, हाच उपाय मला लागू पडतो.

रुग्ण तपासणारा एक डॉक्टर

माझ्या टेबलावर शब्दकोश नाही, परंतु शब्दसंग्रहाचे मोल मला रोज कळते. रुग्ण नुसते 'दुखते' म्हणाला की माझे काम वाढते. ठसठसते म्हणाला तर आत पू धरला आहे का, ते मी आधी पाहतो. चमक निघते किंवा मुंग्या येतात म्हणाला तर नस दबल्याची शंका घेतो. चुरचुरते म्हणाला तर त्वचेकडे वळतो. ठणकणे, सलणे, खुपणे, झोंबणे, भगभगणे, हुळहुळणे, कळ येणे यांपैकी प्रत्येक शब्दाने दुखण्याची वेगळी हकिकत कळते. अर्थात एवढ्यावर निदान होत नाही, तपासणी करावीच लागते, पण ती कोठून सुरू करावी हे अनेकदा रुग्णाच्या क्रियापदावरून ठरते.

अलीकडे तरुण रुग्णांकडून 'पेन होतंय' एवढेच ऐकू येते. 'कसे दुखते' असे विचारले की ते गोंधळतात, आणि पुष्कळदा सोबत आलेली आई किंवा आजी मध्येच म्हणते, 'अहो, रात्रभर ठणकत होतं त्याचं.' दुखणे भोगणाऱ्याजवळ त्याचे नाव नसावे आणि शेजारी बसलेल्या माणसाजवळ असावे, याचे मला फार वाईट वाटते. नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी मी या क्रियापदांचे एक पान तयार केले आहे. ते लिहिताना मात्र मला कोश उघडावा लागला.

मुद्रितशोधन करणारा एक वाचक

माझे थोडक्यात. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. यांतले दोन्ही शब्द शुद्धच असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस त्यांना हात लावत नाही. तीस वर्षांच्या कामानंतरही मी दिवसातून दहा वेळा तरी कोश पाहतो. खात्री असलेला शब्दही मी पाहतो, कारण माझ्या हातून सुटलेल्या चुका बहुधा खात्रीच्याच शब्दांत होत्या.

मराठी मोठेपणी शिकलेली एक वाचक

ज्यांची मराठी ही जन्मभाषा आहे, त्यांना कदाचित कल्पना नसेल की आमच्यासारख्यांना कोशात शब्द शोधणे हीच पहिली परीक्षा असते. 'सुनेला' हा शब्द वाचला आणि मी कोशात 'सुने' शोधत बसले. तो 'सून' या नोंदीखाली आहे, हे कळण्यासाठी सामान्यरूप होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, हे आधी माहीत असायला हवे. 'विटेने' पाहायचे तर 'वीट' काढायची, 'पाण्यात' पाहायचे तर 'पाणी'. 'गेला' तर कोणत्याच नियमाने सापडत नाही. तो 'जाणे' या क्रियापदाचा आहे, हे कोणीतरी सांगावेच लागते. शिवाय क्ष आणि ज्ञ काही कोशांत वर्णमालेच्या शेवटी येतात, तर काहींत क आणि ज यांच्या जोडाक्षरांत.

पहिले सहा महिने मला या सगळ्याचा राग येत असे. नंतर लक्षात आले की नोंद शोधता शोधताच व्याकरण अंगवळणी पडत आहे. आता फोनवर कोणतेही रूप टाकले तरी अर्थ समोर येतो. मी तो वापरते, त्याचा उपयोगही होतो. परंतु अशा प्रकारे पाहिलेले शब्द माझ्या बोलण्यात उतरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एक दृष्टिहीन वाचक

छापील कोशाविषयीचे प्रेम मी समजू शकतो, पण माझ्यासाठी ती पाने आयुष्यभर बंदच होती. शाळेत अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी मला कोणालातरी विचारावे लागे, आणि तिसऱ्यांदा विचारताना संकोच वाटून मी गप्प बसत असे. किती शब्द असे न विचारताच राहिले असतील, याचा हिशेब नाही. स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने, वाचता येणारे कोश आल्यावर एका रात्री मी लागोपाठ चाळीस शब्द पाहिले, आणि त्यासाठी मला कोणाचीही विनवणी करावी लागली नाही. या चर्चेत डिजिटल कोशाला कोणी कमी लेखत असेल, तर त्याने माझी ती रात्र लक्षात घ्यावी. एक तक्रार मात्र आहे: जे कोश पानांची छायाचित्रे काढून संगणकावर ठेवलेले आहेत, ते मला अजूनही बंदच आहेत.

एक विद्यार्थी

मी कोश वापरत नाही आणि तसे मोकळेपणाने सांगतो. वाचताना अडलेला शब्द पुढच्या चार ओळींत बहुधा उलगडतो, आणि नाही उलगडला तर मी मित्रांना विचारतो. अवघड संस्कृत शब्द पेरून लिहिणे म्हणजे शब्दसंपत्ती, असे शाळेत आमच्या मनावर ठसवले गेले, आणि त्यामुळेच माझ्यासारखे अनेक जण कोशापासून दूर राहिले असावेत. वरचा डॉक्टरांचा अनुभव वाचून मात्र मी थांबलो. त्यांनी दिलेल्या शब्दांत एकही भारदस्त शब्द नाही, तरी त्यांतले तीन मला येत नव्हते.

वडिलांची शुश्रूषा केलेली एक वाचक

मला डॉक्टरांच्याच अनुभवाला जोडून लिहायचे आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर वडिलांना वाचाघात झाला. समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे समजे, परंतु स्वतःला हवा असलेला शब्द ओठांवर येत नसे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते की शब्द अनेकदा आत असतो. पहिले अक्षर दिले किंवा चार पर्याय समोर ठेवले, तर तो ओळखता येतो. म्हणून मी एक वही केली. तहान, उजेड, उशी अशा रोजच्या शब्दांपासून सुरुवात केली आणि कोश पाहून जवळजवळचे शब्द शेजारी लिहीत गेले.

एका संध्याकाळी ते डावा हात छातीशी धरून अस्वस्थ झाले. 'दुखतंय का, बाबा?' असे विचारले तर मान हलवून नाही म्हणाले. मी घाबरून डॉक्टरांना बोलावले. तपासणीत काही निघाले नाही. डॉक्टर परत गेल्यावर मी वहीचे पान काढून एकेक शब्द सावकाश वाचला. ठणकतंय? नाही. जळजळतंय? नाही. खुपतंय? त्यावर ते जरा थांबले. 'सलतंय?' असे म्हटल्याबरोबर त्यांनी माझे मनगट घट्ट धरले आणि तो शब्द स्वतः दोनदा उच्चारला. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून पूर्ण आलेला तो पहिला शब्द होता. काय सलते आहे, हे मी त्या दिवशी विचारले नाही. दिवा मालवून बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिले.