केमोबरोबर मेटफॉर्मिन: शुगर नसलेल्याने घ्यावी का?

नौपाडा_केमिस्ट
केमो चालू असलेल्या पेशंटचे नातेवाईक काउंटरवर येऊन मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, मागतात. पेशंटला शुगर नाही, चिठ्ठी नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर 'कॅन्सरवर चालते' असं आलेलं असतं. चिठ्ठीशिवाय देत नाही, पण नुसतं 'नाही' म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातात. याला खरंच काही आधार आहे का? आणि ज्यांना आधीपासून शुगर आहे, त्यांना केमोच्या काळात काय सांगायचं?

फार्मा_खारघर
आधार आहे, पण प्रयोगशाळेच्या बशीत. मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या वीजघरातलं) कॉम्प्लेक्स 1 हे प्रथिन अडवतं, पेशीला ऊर्जा कमी पडते, ऊर्जा वाचवायला लावणारं एएमपीके जागं होतं, वाढीचा हुकूम देणारं एमटॉर मंदावतं आणि वाढ रोखली जाते. मेख मात्रेत आहे. बशीत बहुतेक वेळा 1 ते 10 मिलीमोलर किंवा त्याहून जास्त औषध घालतात. रोजच्या डोसात रक्तात जेमतेम 10 ते 20 मायक्रोमोलर पोचतं (1 मिलीमोलर म्हणजे 1,000 मायक्रोमोलर). एवढी दरी गोळ्या वाढवून भरत नाही, त्याआधी पोट बिघडतं आणि पुढे लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसची, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची, भीती.

गाजावाजा सुरू झाला तो 2005 च्या स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून: मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कॅन्सर कमी दिसला. अशा नोंदींत एक खोट हमखास शिरते. ज्याला चार वर्षं गोळी चालली, तो ती चार वर्षं जगलेलाच असतो. श्रेय मात्र गोळीला जातं.

गोळी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचण्यांत चित्र फिकं पडलं. एमए.32 या चाचणीत मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या 3,649 पेशंटना 850 मिग्रॅ दिवसातून दोनदा किंवा नकली गोळी, 5 वर्षांसाठी. 2022 मध्ये निकाल आला: हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा कॅन्सर) या मुख्य गटात फरक नाही. एचईआर2 पॉझिटिव्ह (एचईआर2 हे प्रथिन जास्त असलेल्या) उपगटात थोडी आशा दिसली, पण त्यावरून चिठ्ठी लिहिता येत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनबरोबर दिलेल्या दोन चाचण्या 2021 मध्ये आल्या. एकीत फायदा नाही, दुसरीत मेटफॉर्मिनवालेच मागे पडले. म्हणजे 'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना' हेही खरं नाही.

डायबेटिस_नर्स_वाशी
दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. शुगर असलेल्याने केमो सुरू झाली म्हणून गोळी आपणहून सोडू नये. उलट केमोबरोबर देतात त्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे शुगर चढते, आणि ती दुपारनंतर. उपाशीपोटीचा आकडा छान दिसतो आणि सगळे गाफील राहतात. स्टेरॉइडच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर 2 तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बोट टोचा.

गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन कधी करायचा? उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी झाली की. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाने किडनी आधीच ताणलेली असते, मेटफॉर्मिन किडनीवाटेच बाहेर जातं, म्हणून ते साचतं. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर बंदच, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. 30 ते 60 असताना कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) असेल तर त्या वेळी थांबवून, 48 तासांनी क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा. इरिनोटेकान किंवा कॅपेसिटाबिन, म्हणजे जुलाब करणारं केमोचं औषध, चालू असेल तर जुलाब कशाचे हेच कळत नाही, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

ऐरोली_डिस्पेन्सर
दादा, सगळ्यात मोठा धोका तुमच्या शेल्फवरच आहे. लोक 'मेटफॉर्मिनवाली' म्हणून मागतात आणि हातात पडते जीपी, म्हणजे आत शुगर जोरात पाडणारं ग्लिमेपिराइडही. शुगर नसलेला, दोन दिवस धड न जेवलेला केमोचा पेशंट ती घेतो आणि घामाघूम होऊन कोसळतो. नुसती मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर इतकी पाडत नाही. डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या दुसऱ्या औषधाची जोडगोळी असेल तर उपाशी पेशंटला ग्लुकोमीटर फारसा चढलेला नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन आम्ल साचणं) होऊ शकतो. पाकिटाची मागची बाजू वाचूनच द्या.

तोंड आलं म्हणून एसआर (हळूहळू सुटणारी) गोळी कुटून देतात, तेही थांबवा. सगळा डोस एकदम सुटतो. साधी गोळी किंवा द्रव औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगा.

नौपाडा_केमिस्ट
आभार. आणि तरीही 'प्रयोग म्हणून घ्यायचीच आहे' म्हणाले तर?

फार्मा_खारघर
मग प्रयोगातच घ्या म्हणावं. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत 'मेटफॉर्मिन' टाकून चालू चाचण्या शोधता येतात, आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात उपचार चालू असतील तर ओपीडीत विचारता येतं. चाचणीत किडनीवर नजर असते, एथिक्स कमिटी असते, चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईचा नियम आहे. काउंटरवरून नेलेल्या पट्टीला यातलं काहीच नाही.

डायबेटिस_नर्स_वाशी
एक राहिलं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी12 उतरतं. त्यावर पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध आलं की हातापायांच्या मुंग्यांचा सगळा दोष केमोला जातो. पहिल्या सायकलआधीच बी12 तपासून घ्यायला सांगा.